साडेतीन लाख रुपये आणि वर्षाला दोन मुलं

प्रश्न: आम्ही साताऱ्यातल्या एका महाविद्यालयातून १९९८ साली बाहेर पडलेले चौदा जण आहोत. आमच्यातल्या सहा जणांचं शिक्षण शिष्यवृत्तीवर झालं. आता सगळे मिळून दरवर्षी साडेतीन लाख रुपये काढून त्याच महाविद्यालयात एक शिष्यवृत्ती सुरू करायची आहे. शिष्यवृत्तीने मुलांचं पुढचं करिअर आणि नेतृत्व खरंच घडतं का? घडत असेल तर ती कशी आखावी? गुणांवर द्यावी की गरजेवर? पुढे परतफेड करण्याची किंवा इकडेच काम करण्याची अट घालावी का?

उत्तर: नमस्कार. मी साताऱ्यात २९ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. त्यातली सतरा वर्षं शिष्यवृत्ती समितीचं काम माझ्याकडे होतं आणि निवृत्तीआधीची सहा वर्षं माजी विद्यार्थी संघाचं. अर्ज हातात घेऊन दारात उभी राहिलेली अठरा वर्षांची पोरं आणि चाळिशीत मेळाव्याला आलेली तीच माणसं, दोन्ही मी पाहिली आहेत. त्या भरवशावर लिहिते.

करिअर घडतं. नेतृत्वाला मात्र नुसता पैसा पुरत नाही. पैशाने मुलाला वेळ मिळतो. त्या वेळात त्याच्या आजूबाजूला कोण होतं आणि त्याच्यावर कोणी काय सोपवलं, यावर पुढचं ठरतं. शिष्यवृत्ती आखताना हे दोन हिशेब वेगळे मांडा.

आधी वेळेचं सांगते. पाटणकडची एक मुलगी आमच्याकडे बी.एस्सी.ला होती. वडील मुंबईत माथाडी कामगार, आई गावी. एसटीने येण्याजाण्यात रोज चार तास जायचे. शेवटची गाडी चुकू नये म्हणून ती प्रॅक्टिकल अर्धवट टाकून निघायची, आणि आम्ही शिक्षक तिला ‘लक्ष नसलेली’ समजत होतो. मीसुद्धा. दुसऱ्या वर्षी तिला एका ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली आणि तिने राजवाड्याजवळ कॉट बेसिसवर जागा घेतली. रक्कम फार मोठी नव्हती, पण रोजचे चार तास तिच्या पदरात पडले. संध्याकाळी ती प्रयोगशाळेत थांबायला लागली. मग पहिल्या वर्षाच्या मुलींना टायट्रेशनचा प्रयोग दाखवायला लागली, कारण थांबलेली तीच असायची. आज ती एका सहकारी दूध संघाच्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे. दूध नाकारायचं की घ्यायचं हा शब्द तिचा असतो, आणि त्या शब्दावर किती घरांचा पगार अवलंबून आहे हे तिला ठाऊक आहे. माझ्या लेखी हे नेतृत्वच आहे. त्याची सुरुवात कॉटच्या भाड्यापासून झाली.

आता उलटं उदाहरण. माण तालुक्यातला एक मुलगा गणितात फार चांगला होता. त्याला शिष्यवृत्ती मंजूर झाली होती, यादीत नाव होतं, पण उत्पन्नाच्या दाखल्यात एक अक्षर चुकलं म्हणून कागद परत आला. दाखला पुन्हा काढला, तोवर अर्ज एका टेबलावर पडून राहिला. पहिला हप्ता जानेवारीपर्यंत आला नाही. मेसवाल्याने तीन महिने सांभाळून घेतलं, चौथ्या महिन्यात त्याचाही नाइलाज झाला. दिवाळीला गावी गेलेला मुलगा नंतर आठ दिवस आला आणि मग मामाबरोबर तामिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनंचांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, दुकानात निघून गेला. माण, खटाव, खानापूर, आटपाडी या भागातली शेकडो घरं सोन्याचांदीच्या गलाईवर जगतात, त्यामुळे दार उघडंच होतं. त्याचे पैसे मार्चमध्ये खात्यावर जमा झाले. तो धंद्यात नीट आहे, मला त्याची कीव येत नाही. पण त्याला गणित शिकायचं होतं. समितीवर मी होते आणि ऑक्टोबरमध्येच त्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले नाही, हे माझ्या मनातून जात नाही.

म्हणून पहिली गोष्ट: तुमचे पैसे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुलाच्या हातात पडले पाहिजेत. सरकारी शिष्यवृत्ती तुमच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवर, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी अडीच लाख उत्पन्नमर्यादेची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आठ लाख मर्यादेची शिक्षणशुल्क योजना आहे, इतरही आहेत. फीचा मोठा भाग तिथून निघतो, तेव्हा तुम्ही फी भरत बसू नका. जेवण, खोली, एसटीचा पास, परीक्षेचा फॉर्म, प्रवेशपरीक्षेला पुण्या-मुंबईला जाण्याचं भाडं यांचे पैसे उशिरा आले तर मूल थेट वर्गातून उठतं. तुमची जागा तिथे आहे. तुम्ही चौदाच जण आहात, तुमच्याकडे टेबलं नाहीत, आणि हाच तुमचा मोठा फायदा आहे.

आता दुसरा हिशेब. याचं उदाहरण शोधायला तुम्हाला गाव सोडावं लागत नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ पासून साताऱ्यात वसतिगृह चालवलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं नाव छत्रपती शाहू बोर्डिंग झालं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी दागिने मोडले, अगदी मंगळसूत्रसुद्धा, हे आपण सगळे शाळेत ऐकत आलो. पण ते ऐकताना एक गोष्ट आपल्या हातून निसटते. त्या बोर्डिंगात मुलांना फुकट काही मिळत नव्हतं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत होती आणि ते जेवण स्वतः रांधत होती. झाडलोट, पाणी, शेतातलं काम त्यांचंच. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं तेही ‘कमवा आणि शिका’ या पायावर. अठरा वर्षांच्या मुलाला पन्नास जणांच्या धान्याचा हिशेब ठेवायला लावला, वेगळ्या जातीच्या मुलाबरोबर एकच पातेलं घासायला लावलं, की तो माणसं चालवायला शिकतो. व्याख्यान देऊन हे शिकवता येत नाही, मी पुष्कळ व्याख्यानं आयोजित केली आहेत.

भाऊरावांच्या हाताखाली शिकलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील इंग्लंडला जाऊन परत आले, साताऱ्यात प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. शेजारच्या सांगलीत आर. आर. पाटील ‘कमवा आणि शिका’तून शिकले. ग्रामविकासमंत्री असताना त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. ते राबलं गावकऱ्यांच्या श्रमदानावर. श्रमाची लाज न वाटणाऱ्या शिक्षणातून आलेल्या माणसाला तो मार्ग सुचला, यात मला नवल वाटत नाही.

तुम्ही बोर्डिंग काढणार नाही, हे मला कळतं. पण शिष्यवृत्तीच्या मुलांवर एखादं खरं काम सोपवणं तुमच्या हातात आहे. खरं म्हणजे न केल्यास कोणाचं तरी अडेल असं. आमच्याकडे एका वर्षी शिष्यवृत्तीधारक मुलांनी पहिल्या वर्षाच्या मुलांचे महाडीबीटीचे अर्ज भरून द्यायचं काम अंगावर घेतलं. दोन मुलं आणि तीन मुली रोज दुपारी ग्रंथालयाबाहेर टेबल टाकून बसत. आधार जोडलेलं खातं कोणतं, दाखला कोणत्या सालचा लागतो, बोनाफाईड कुठे मिळतं, हे त्यांना पाठ झालं. त्या वर्षी कागदाअभावी परत आलेले अर्ज बोटावर मोजण्याइतके होते. त्या पाचांपैकी एक आज तहसील कार्यालयात आहे. ती मला म्हणाली, “मॅडम, समोरचा माणूस कागद घेऊन का घाबरतो हे मला तिथेच कळलं.”

अटींबद्दल. हा प्रश्न तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलात, पण माझ्या मते तो मोठा आहे. डॉ. आंबेडकरांचं उदाहरण घेऊ, कारण तेही साताऱ्यात शिकले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचं नाव घातलं गेलं. तो दिवस आपण विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. अट अशी की परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्याला गेले. तिथे त्यांना राहायला जागा मिळाली नाही, कचेरीत शिपायांनीही त्यांना अस्पृश्य म्हणूनच वागवलं, आणि त्यांना बडोदं सोडावं लागलं. करार मोडला. पण त्या शिष्यवृत्तीचं जे देणं होतं ते त्यांनी फेडलं की नाही? १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, तिच्या महाविद्यालयांतून किती घरांतलं पहिलं पदवीधर मूल बाहेर पडलं याचा विचार करा. बडोद्याला एक अधिकारी हवा होता. देशाला मिळाला तो माणूस कोणत्याही करारात मावणारा नव्हता. एक गोष्ट मात्र विसरू नये. शिष्यवृत्ती देणाऱ्याचं मन मोठं होतं, तरी परत येणाऱ्याला खोली देणारं कोणी नव्हतं. मूल शिकून परत यावं असं वाटत असेल, तर त्याला उभं राहायला जागा आहे का हे आधी बघावं लागतं. आपल्या जिल्ह्यात आजही एम.एस्सी. झालेल्या मुलीला ‘परत ये’ म्हणणं सोपं आहे. तिला इथे काम काय देणार?

परतफेडीचा एक जुना आणि चांगला नमुना आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेला जे. एन. टाटा एंडोमेंट हा निधी परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतो. फेडलेले पैसे पुढच्या मुलाला जातात. पहिल्या निवडीत दोन डॉक्टर स्त्रिया होत्या, फ्रेनी कामा आणि आपल्या कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. पुढे के. आर. नारायणन, जयंत नारळीकर अशी माणसं त्यातून गेली. घेतलेलं परत करायचं आहे ही जाणीव माणसाला ताठ ठेवते, उपकाराखाली वाकवत नाही. पण ही पद्धत परदेशी शिकून कमावत्या होणाऱ्यांसाठी ठीक. बी.ए.च्या पहिल्या वर्षातल्या मुलीच्या डोक्यावर तुम्ही कर्ज ठेवलंत तर तिचे वडील सहीच करणार नाहीत. तेव्हा अट नको. कागदावर एक साधं वाक्य असू द्या: कमवायला लागल्यावर मी माझ्यासारख्या एकाला हात देईन. सही नको, फक्त तिच्या हस्ताक्षरात.

ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट आहे. ती एका देशाचं सरकार चालवतं, त्याची गरज वेगळी. तिथून घेण्यासारखं दुसरं काही आहे. अर्जातच विचारतात की तुम्ही आजवर कोणत्या कामात पुढे झालात आणि माणसं कशी जोडलीत. फोर्ड फाउंडेशनने २००१ ते २०१३ या काळात भारतासह २२ देशांत जो फेलोशिप कार्यक्रम चालवला, त्यातही गुणांइतकंच वजन समाजाशी असलेल्या बांधिलकीला होतं. बंधन नसताना त्यातले बहुसंख्य फेलो मायदेशी परतले. निवडताना जे बघितलं, तेच पुढे दिसलं.

मग तुम्ही काय बघायचं? गरज ही चाळणी ठेवा, ती ओलांडली की गुण पंचावन्न-साठच्या वर आहेत एवढं पुरे. त्यापुढे मुलाखत. माझे प्रश्न ठरलेले असत. घरात पैशाचा निर्णय कोण घेतं? गेल्या वर्षी गावात काय नवीन झालं, त्यात तू कुठे होतास? कोणाचं भांडण मिटवलंस का? मुलं बोलतात. यात्रा कमिटी, गणेश मंडळ, क्रिकेटची टीम, पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत खणलेले चर. मुली गप्प बसतात, आणि समिती मान हलवते की हिच्यात काही दिसत नाही. इथे सांभाळा. त्यांना गावात कुठली कमिटी मिळालेली नसते. मी मग विचारायचे, “धाकट्या भावाचं अ‍ॅडमिशन कोणी केलं? आजीचं रेशन कार्ड कोणी दुरुस्त करून आणलं?” की मग मुलगी अर्धा तास बोलते. बँकेत तीनदा जाऊन मॅनेजरला भेटलेली असते, पण आपण काही केलंय असं तिला वाटतच नसतं. माझ्या अंदाजात ज्यांनी पुढे खरोखर चार माणसांना ओढून नेलं, त्यांतल्या निम्म्याहून जास्त अशाच गप्प मुली होत्या.

माजी विद्यार्थी संघाकडे आल्यावर मला एक गोष्ट टोचायला लागली. मेळाव्याला येतात ते यशस्वी. स्टेजवर बोलावतो तेही यशस्वी. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला जागा आहे, म्हणून आपण फोटोही त्यांचेच लावतो. मग शिष्यवृत्तीने माणूस घडला, की घडणाराच माणूस शिष्यवृत्तीपर्यंत पोचला? हे तपासायचं तर ज्यांची निवड थोडक्यात हुकली त्यांचं काय झालं हे बघावं लागतं. मी समितीवर असताना नाकारलेल्या नावांची एक वही ठेवली होती, घरात फोन होता त्यांचे नंबर त्यात होते. निवृत्तीनंतर दोन उन्हाळे बसून मी त्यांतल्या जेवढ्यांना गाठता आलं तेवढ्यांना फोन केले. हा काही अभ्यास नव्हे, एका बाईची वही आहे. तरी सांगते. ज्या मुलांच्या घरी आधीच कोणी शिकलेलं होतं, त्यांच्यात फार फरक आढळला नाही. शिष्यवृत्ती मिळो न मिळो, काका-मामांनी वाट काढली होती. फरक होता तो घरातल्या पहिल्या शिकणाऱ्यात, आणि त्यातही मुलींत. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलींची लग्नं दोन-तीन वर्षं उशिरा झाली होती. ‘शिष्यवृत्ती चालू आहे, मध्येच सोडली तर बरं दिसणार नाही’ हे वाक्य बापाने पाहुण्यांना सांगायला पुरलं होतं. त्या दोन-तीन वर्षांत बी.एड. झालं, नोकरी लागली, स्वतःचं खातं उघडलं. नाकारलेल्यांतली एक जण मला म्हणाली, “मला पैसे नको होते मॅडम, कारण हवं होतं.” हे मी समितीवर सतरा वर्षं बसून ऐकलं नव्हतं.

त्यामुळे पत्र घरी पाठवा. आईवडिलांच्या नावाने, मराठीत, तीन वर्षांचा स्पष्ट उल्लेख करून. मोबाइलवरचा संदेश नको, कागद. तो कागद पाहुण्यांसमोर ठेवता येतो.

माणसांबद्दल थोडं. आपल्या मुलांना हुशारी कमी नाही, कामांची नावं माहीत नसतात. बी.एस्सी. झाल्यावर शिक्षक, एमपीएससी आणि पोलीस भरती, याच्या पलीकडे त्यांना रस्ता दिसत नाही, कारण त्यांनी पलीकडचा माणूस पाहिलेला नसतो. केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीत वर्षाला ८०,००० रुपये असतात, त्यातले २०,००० उन्हाळ्यात एखाद्या संशोधकाकडे प्रकल्प करण्यासाठी. आमच्याकडच्या काही मुलांचा हा भाग हुकला, कारण पुण्यातल्या शास्त्रज्ञाला पत्र कसं लिहायचं हेच त्यांना कळेना. तुम्ही चौदा जण आहात. एका मुलामागे एक जण नेमा, महिन्यातून एक फोन, विषय अभ्यासाचा असायलाच पाहिजे असं नाही. सुट्टीत एकदा त्याला तुमच्या कामाच्या जागी नेऊन आणा, मग ते एमआयडीसीतलं वर्कशॉप का असेना. आणि ‘साहेब’ म्हणवून घेऊ नका. दादा, ताई पुरे.

आता आकडे. दरवर्षी दोनच मुलं घ्या, पण तीन वर्षं सोडू नका. तिसऱ्या वर्षी सहा मुलं होतील. प्रत्येकी ४५,००० धरले, म्हणजे दहा महिने दरमहा साडेचार हजार, तर २,७०,००० झाले. उरलेल्या ८०,००० पैकी ५०,००० तातडीचे ठेवा: आजारपण, घरात मयत, अचानक आलेली परीक्षा. हे पैसे कोणत्याही विद्यार्थ्याला, तुमच्या सहांबाहेरच्यालाही, दोन दिवसांत मिळाले पाहिजेत. माणचा तो मुलगा एवढ्यावर थांबला असता. ३०,००० प्रवास, पुस्तकं आणि वर्षातून दोनदा सगळ्यांनी एकत्र जेवायला. पहिल्या दोन वर्षांत पैसे उरतील, ते बँकेत ठेवा, पुढे एखादा तुमच्यातला मागे पडला तर उपयोगी येतील. चौथ्या वर्षापासून समितीत एक खुर्ची पहिल्या तुकडीतल्या मुलाला किंवा मुलीला द्या, निवडीत पूर्ण मत असलेली.

आणि ज्यांना नाही म्हणाल त्यांना फोन करा. पन्नास अर्ज आले तर अठ्ठेचाळीस फोन, चौदा जणांत वाटून घेतले तर प्रत्येकाला तीन-चार येतात. कोणती सरकारी योजना लागू होते, कोणता दाखला कमी आहे, एवढं सांगा. निकाल लावाल त्याच आठवड्यात.